पांढऱ्या मोज्यांचा पुनर्विकास

‘‘थोडा धीर धरा बाबा, टीम रीबिल्ड होतेय,’’ असे आमचे जावई म्हणाले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

एकेका माणसाला एकेका शब्दाची धास्ती असते. कुणाला ‘इन्कम टॅक्स’ म्हटले की घाम फुटतो, कुणाला ‘रूट कॅनाल’. मला ‘पुनर्विकास’ या शब्दाने हुडहुडी भरते. गिरगावातली आमची चाळ २०११ साली पुनर्विकासाला गेली. ‘‘तीन वर्षांत किल्ली हातात,’’ असे बिल्डरने सत्यनारायणाच्या दिवशी, प्रसादाचा द्रोण हातात धरून सांगितले होते. देवाच्या प्रसादावर हात ठेवून माणूस खोटे बोलणार नाही, या समजुतीवर आम्ही अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांनी सह्या केल्या. आता त्या जागी एक खड्डा आहे. पावसाळ्यात त्यात बेडूक असतात आणि उन्हाळ्यात पोरे क्रिकेट खेळतात. म्हणजे अगदीच विकास झाला नाही असे नाही.

तर असा मी दुधाने तोंड पोळलेला माणूस. २०२४ च्या उन्हाळ्यात लेकीकडे शिकागोला गेलो, आणि ताक म्हणून जे पुढ्यात आले ते शिकागो व्हाइट सॉक्स.

शिकागोत बेसबॉलचे दोन संघ आहेत. उत्तरेला कब्स (हा शब्द नीट उच्चारावा, नाहीतर वैद्याकडे पाठवतात) आणि दक्षिणेला हे पांढरे मोजे. जावई वीस वर्षांपूर्वी तिकडे गेले तेव्हा पहिली खोली दक्षिणेला मिळाली, म्हणून मोज्यांचे झाले. निष्ठेची कारणे बहुधा इतकीच भक्कम असतात. मी तरी गिरगावकर का? तर आजोबांना खोली तिथे मिळाली म्हणून.

बेसबॉलचे नियम मला लेकीने समजावले, जावयांनी समजावले, शेवटी नऊ वर्षांच्या नातवाने हात टेकले. पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली. एका मोसमात एकेक संघ १६२ सामने खेळतो. एकशे बासष्ट! हरायला इतका ऐसपैस वाव देणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. आणि त्या वर्षी व्हाइट सॉक्सने या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला. ४१ जिंकले, १२१ हरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इतके सामने कुणीही हरलेले नव्हते. आधीचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२० पराभवांचा. पण मेट्सचे ते जन्माचे पहिले वर्ष होते. नव्या सुनेने पहिल्या दिवशी पोळ्या करपवल्या तर घर चालवून घेते. व्हाइट सॉक्सचे घराणे १९०१ पासूनचे. ही पोळी सव्वाशे वर्षांच्या सासूने करपवली!

जुलैच्या १० तारखेपासून ५ ऑगस्टपर्यंत हा संघ ओळीने २१ सामने हरला. मी गेलो तो त्यातल्याच एकाला, जुलैच्या शेवटच्या रविवारी. हरलो हे सांगायला नकोच. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक गोरे आजोबा बसले होते. वय एक्क्याऐंशी. हातात पेन्सिल आणि वही. प्रत्येक चेंडूची नोंद ते तीत करीत होते, आमच्या चाळीतले काका पाण्याच्या वेळा लिहायचे तशी. वडिलांबरोबर लहानपणी यायचे म्हणाले. व्हाइट सॉक्सने १९१७ नंतर थेट २००५ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे ८८ वर्षांनी. वडील मध्येच गेले, बिचाऱ्यांना काहीच बघायला मिळाले नाही. ‘‘आता म्हणतात पाच वर्षं थांबा,’’ आजोबा वहीतून मान वर न करता म्हणाले, ‘‘मी कुठे थांबू?’’

मला आमचे काका आठवले. चाळ सोडताना त्यांनी दाराची पितळी कडी पानाने खोलून घेतली होती, नव्या दाराला लावायची म्हणून. विरारच्या भाड्याच्या खोलीत ती कडी आठ वर्षे कपाटात होती. काका २०१९ मध्ये गेले. कडी अजून आहे.

तेव्हापासून मी या रीबिल्डवाल्यांच्या विरोधात उभा आहे.

आणि हे रीबिल्डवाले थोडेथोडके नाहीत बरं का! लेकीकडे दीड दिवसाचा गणपती होता. तोवर पराभवांची शंभरी नुकतीच उलटली होती. आरती संपून मंत्रपुष्प सुरू व्हायच्या आत एका आकडेवाल्या तरुणाने बोलायला सुरुवात केली. मोदकाचे नाक मोडत तो म्हणाला, ‘‘काका, मधल्या मध्ये लटकण्यापेक्षा तळाला जाणं चांगलं. चांगले खेळाडू विकायचे, बदल्यात होतकरू पोरं घ्यायची. हरलं की ड्राफ्टमध्ये लवकर नंबर लागतो. पाच वर्षांत टीम तयार. ह्यूस्टनने हेच केलं.’’

केलं. ह्यूस्टन अॅस्ट्रोज २०११, १२ आणि १३ मध्ये अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले, आणि २०१७ मध्ये जगज्जेते झाले. पण झाले कसे, हेही सांगावे ना! प्रतिस्पर्ध्याच्या खुणा कॅमेऱ्याने टिपायच्या आणि पुढचा चेंडू कसला येणार ते आपल्या फलंदाजाला कळवायला आत कचऱ्याचा डबा बडवायचा. २०१९ मध्ये हे बाहेर आले, २०२० मध्ये शिक्षा झाल्या. इतकी वर्षे शास्त्रशुद्ध हरून शेवटी डबा बडवावा लागला. आमच्या पोरांना डबा ऐसपैस खेळायला शास्त्र लागत नव्हते.

‘‘मग कब्स? बाल्टिमोर?’’

मी वादात अप्रामाणिक नाही. कब्स २०१२ मध्ये १०१ सामने हरले आणि २०१६ मध्ये १०८ वर्षांचा उपास सोडला. बाल्टिमोर २०१८ मध्ये ११५ सामने हरून २०२३ मध्ये १०१ जिंकले. मुंबईतही काही इमारती वेळेवर उभ्या राहतात, लोक लिफ्टने घरी जातात, कासवाच्या आकाराचा पोहण्याचा तलाव वापरतात. जाहिरातीत त्यांचाच फोटो असतो. खड्ड्याचा फोटो कुठला बिल्डर छापतो?

आणि मुख्य म्हणजे या पांढऱ्या मोज्यांचा हा पहिला पुनर्विकास नव्हेच! जावयांनी हे मला तोवर सांगितले नव्हते. आकडेवाला तरुण पाणी प्यायला गेला तेव्हा खालच्या आवाजात कबूल केले. २०१६ च्या डिसेंबरातच यांनी चाळ पाडायला काढली होती. ख्रिस सेल नावाचा अव्वल डावखुरा पिचर बॉस्टनला दिला, बदल्यात होतकरू पोरे घेतली. पुढच्या वर्षी होझे किंताना कब्सना दिला, बदल्यात आणखी होतकरू. सगळ्या अमेरिकेने पाठ थोपटली. नकाशा असावा तर असा! २०१८ मध्ये सेलने बॉस्टनकडून वर्ल्ड सिरीजमधला शेवटचा बळी घेतला. त्याच वर्षी इकडे व्हाइट सॉक्सने पराभवांचे शतक पूर्ण केले.

मग २०२१ मध्ये इमारत उभी राहिली. ९३ सामने जिंकले, गटात पहिले आले, आणि पुढच्या फेरीत त्याच ह्यूस्टनने त्यांना घरी पाठवले. २०२२ मध्ये ८१ जिंकले, ८१ हरले. हा निव्वळ न्याय. २०२३ मध्ये १०१ हरले. म्हणजे पाच वर्षे पाया खणून, दोन वर्षे राहून, इमारत धोकादायक म्हणून जाहीर. आणि यावर इलाज काय? पुन्हा रीबिल्ड!

खरा विनोद पुढेच आहे. किंतानाच्या बदल्यात मिळालेल्या होतकरूंपैकी एक डिलन सीझ. तो खरोखरच मोठा झाला. म्हणजे पहिल्या पुनर्विकासातली पक्की वीट. मार्च २०२४ मध्ये, मोसम तोंडावर असताना, ती वीट सॅन डिएगोला विकली, दुसऱ्या पुनर्विकासासाठी. २५ जुलैला सीझने सॅन डिएगोकडून अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट मारू दिला नाही. पिचरच्या आयुष्यात हा दिवस क्वचित येतो. त्या दिवशी व्हाइट सॉक्स काय करीत होते? २१ पैकी एक सामना हरत होते. आणि पहिल्या खेपेला विकलेला तो ख्रिस सेल? त्याने २०२४ मध्ये अटलांटाकडून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. आमच्या चाळीची सागवानी दारे बिल्डरने काढून नेली, ती मला पुढे एका हॉटेलात दिसली होती. फार छान दिसत होती.

‘‘पण ड्राफ्ट, काका, ड्राफ्ट!’’ आकडेवाला परत आला होता.

पूर्वी जो सर्वांत शेवटी, त्याला नवीन पोरांतून सर्वांत आधी निवड करता येई. मग सगळेच हौसेने हरायला लागले, तेव्हा २०२२ च्या करारात सोडत आली. अगदी म्हाडाची असते तशी सोडत! आणि म्हाडासारखेच तिला उत्पन्न गटही आहेत. मोठ्या शहरातल्या, खात्यापित्या घरच्या संघाला लागोपाठ दोन वर्षे सोडतीत नंबर मिळत नाही. व्हाइट सॉक्सचा २०२४ मध्ये लागून गेला होता. त्यामुळे १२१ सामने हरण्याचा जागतिक पराक्रम करून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये यांचा नंबर कितवा? दहावा! मुलाने शिष्यवृत्तीसाठी मुद्दाम नापास व्हावे आणि फॉर्म भरताना कळावे की वडिलांच्या पगारामुळे अर्जच बाद.

‘‘तुम्हाला खेळातलं कळत नाही बाबा,’’ असे जावई म्हणाले नाहीत, मोदक वाढले. संस्कार चांगले आहेत.

पण मला थोडेफार कळते. मी मुंबईचा आहे. आमच्या मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला. एक्केचाळिसावा २०१५-१६ च्या मोसमात आणि बेचाळिसावा थेट मार्च २०२४ मध्ये. मधली आठ वर्षे आम्हीही कोरडीच काढली. त्या आठ वर्षांत आझाद मैदानावर कुणी उठून म्हणाला असता, की पाचेक वर्षं जरा ठरवून हरू या, म्हणजे पुढे बरं, तर त्याला पॅड न बांधता नेटमध्ये उभा केला असता. तिथे ड्राफ्ट नसतो, हे मला मान्य. पण लाजेला ड्राफ्ट लागत नाही.

खेळाडू बदलू नका असे मी म्हणत नाही. वाण्याच्या दुकानातही जुना माल काढून नवा भरतात. पण त्यासाठी वाणी पाच वर्षे शटर खाली ओढून, बाहेर गिऱ्हाइकांची रांग लावून, रांगेचे पैसे घेत नाही. पाच वर्षांचे सामने महत्त्वाचे नाहीत असे तुम्हीच म्हणता ना? मग त्या सामन्यांची तिकिटे कसली विकता? शेंगदाणे रीबिल्डच्या भावात मिळतात का? त्या २०२४ मध्ये स्टेडियमवर एक मिल्कशेक भलताच गाजला होता. त्याची चव त्या दिवशी मीही घेतली. संघापेक्षा त्याचा फॉर्म चांगला होता.

आणि पुनर्विकासात एक गोष्ट सगळीकडे सारखी. संक्रमण शिबिरात राहायला मालक कधी जात नाही. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून या संघाची सूत्रे धरून आहेत. नव्वदीत त्यांच्याच बुल्सने बास्केटबॉलची सहा विजेतेपदे मिळवली, २००५ चेही त्यांच्याच काळातले. हे श्रेय काढून घ्यायचे कारण नाही. पण मॅनेजर गेला, त्याआधी जनरल मॅनेजर गेला, खेळाडू तर पोत्यांनी गेले. सप्टेंबरात एकदा संघ चक्क जिंकत होता, तरी लोक ‘संघ विका’ म्हणून ओरडत होते. जिंकतानाही प्रेक्षक ओरडतात तेव्हा त्यांना स्कोअर कळत नाही असे समजू नये.

२७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये १२१ वा पराभव झाला. टीव्हीवर आम्ही तिघे होतो, जावई, नातू आणि मी. नातवाने टोपी काढून सोफ्यावर ठेवली आणि विचारले, ‘‘आजोबा, आता आपण मोठ्ठे झालो का? सगळ्यांत जास्त आपणच ना?’’ जावई उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ नळ चालू होता.

मे २०२५ मध्ये मात्र एक नवल घडले. शिकागोचे एक गृहस्थ पोप झाले, लिओ चौदावे, आणि ते निघाले व्हाइट सॉक्सचे! २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याच्या चित्रफितीत ते प्रेक्षकांत बसलेले सापडले. आमच्या पुनर्विकासाला नुसता सत्यनारायण होता, यांना थेट व्हॅटिकन. मला वाटले, आता काय ते होईल.

मोसम संपल्यावर जावयांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. ‘‘बाबा, यंदा फक्त १०२ हरलो! एकोणीसने सुधारणा!’’

मी अभिनंदन केले. त्याच आठवड्यात आमच्या बिल्डरच्या ऑफिसातूनही फोन आला होता. खड्ड्यातले पाणी उपसायला सुरुवात झालीय म्हणे.