नाव ब्रँडीचे, मळी उसाची

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत ऊसही पिकतो आणि द्राक्षेही. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे येथील सहकारी साखर कारखाने सर्वपरिचित आहेत. बारामतीनजीक दौंड तालुक्यातील रोटी येथे वायनरीही उभी राहिली. मळीचा मद्यार्क आणि द्राक्षाची वाइन यांतील भेद येथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. बाजारात मात्र ‘ब्रँडी’ या एका नावाखाली तो पुसला जातो.

द्राक्षाची ब्रँडी म्हणजे वाइनचे ऊर्ध्वपातन करून लाकडी पिंपात मुरवलेले मद्य. फ्रान्सच्या कोन्याक प्रदेशात ते तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळून ओकच्या पिंपात ठेवतात. ‘व्ही.एस.’साठी किमान २ वर्षे, ‘व्ही.एस.ओ.पी.’साठी ४ आणि ‘एक्स.ओ.’साठी २०१८ पासून १० वर्षे मुरवण हवी. मिश्रणात वय मोजले जाते ते सर्वांत कोवळ्या मद्याचे. जाणकार परीक्षक रंगावर भुलत नाही, कारण तो कॅरमेलनेही गडद करता येतो. निमुळत्या तोंडाचा पेला तो प्रथम न हलवता हुंगतो, घोट जिभेवर घोळवतो, सुक्या फळांचा व अक्रोडाचा गंध शोधतो आणि घोट उतरल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहतो. त्याच्या निर्णयाला लेबलवरील वयाचा आधार असतो.

आपल्या ग्राहकाला हा आधार क्वचितच मिळतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार मिश्र ब्रँडीत द्राक्षाच्या शुद्ध ब्रँडीचा अंश किमान २ टक्के असला तरी पुरतो. बाकीचा भाग तटस्थ मद्यार्काचा चालतो. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु जे कायदेशीर ते सारे प्रांजळ असतेच असे नाही.

मळीचे मद्य स्वस्त पडते आणि आपल्या उष्ण हवेत पिंपातील घट फार होते, हा उत्पादकांचा युक्तिवाद खोटा नाही. पण येथे बंदीची मागणी नाही, मद्यपानाची भलामणही नाही. बाटलीत द्राक्षाचा अंश किती आणि पिंपातील वर्षे किती, एवढे ठळकपणे छापावे, इतकेच मागणे आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आखले, ते द्राक्षाला ताज्या फळाच्या बाजारापलीकडे दुसरी वाट मिळावी म्हणून. मळीचा मद्यार्क द्राक्षाच्या नावावर खपत राहिला, तर अस्सल ब्रँडी करू पाहणाऱ्याला उमेद कोठून येणार? उसाचे उसाच्या नावाने विकले जावे आणि द्राक्षाचे द्राक्षाच्या. त्यात दोन्ही बागाईतदारांचा मान आहे.