भूल उतरल्यानंतर

सकाळी शस्त्रक्रिया आणि सायंकाळी घरी, ही व्यवस्था मुलांच्या बाबतीत नवी नव्हे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जेम्स निकोल यांनी अशा ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त १९०९ सालीच प्रसिद्ध केला होता. आईजवळच मूल उत्तम सांभाळले जाते, हा त्यांचा आग्रह होता. मात्र त्यांच्या परिचारिका घरोघर जाऊन त्या मुलांची विचारपूस करीत. आज मूल घरी जाते, परिचारिका जात नाही. सायंकाळी एस.टी.त वा रिक्षात उलट्या सुरू झाल्या, तर निस्तरावे लागते ते आईलाच.

'भूल दिली की उलट्या व्हायच्याच' ही समजूत आता सोडून द्यावयास हवी. पोटात पाणी टिकत नाही, वेदनाशामक औषधही बाहेर पडते आणि घरी निघालेले मूल पुन्हा खाटेवर येते. धोका कोणाला, हे आधी ताडता येते. वय तीन वर्षे वा अधिक, शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची वा अधिक, शस्त्रक्रिया तिरळेपणावरची, आणि मुलाला, आईवडिलांना वा भावंडांना पूर्वी असा त्रास झालेला असणे, ही चार लक्षणे जर्मन संशोधकांनी २००४ मध्ये निश्चित केली. यांपैकी एकही नसेल तर शंभरांत सुमारे नऊ मुलांना उलट्या होतात. चारही असतील तर सत्तरांना! चौथ्या लक्षणासाठी तर ना यंत्र लागते ना पैसा. आईला एक प्रश्न विचारला की झाले. तोही विचारला जात नसेल, तर त्याला हेळसांडच म्हटले पाहिजे.

धोका अधिक असलेल्या मुलास ओंडान्सेट्रॉन व डेक्सामेथासोन ही दोन्ही औषधे भुलीतच देता येतात. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देणे, नायट्रस ऑक्साइड टाळणे आणि स्थानिक बधिरीकरणाने अफूवर्गीय औषधांची गरज घटविणे, हे उपायही भूलतज्ज्ञांच्या हाती आहेत.

मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न देण्याची जुनी शिस्त मात्र अनेकांना अजून सुटत नाही. भुलीच्या एक तास आधीपर्यंत निरोगी मुलास साधे पाणी द्यावे, असे युरोपीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सांगितले आहे. उलट, घरी सोडण्यापूर्वी काहीतरी प्यायलेच पाहिजे, या सक्तीने उलट्या वाढतात. मुलाने मागितले तर द्यावे, एवढेच.

राहिला तो घरी जातानाचा कागद. उलट्या थांबत नाहीत, लघवी होत नाही, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर उलटीत ताजे रक्त दिसते, अशा वेळी रात्री कोणत्या क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा, हे त्यावर मराठीत, ठळक अक्षरांत असावे.