पाठीवरचे बाळ, नजरेआडचे बाळ

सुट्टीत वेरूळला किंवा दौलताबादच्या किल्ल्यावर बाळाला पाठीवरच्या पिशवीत बसवून चढणारे आईवडील आता दिसू लागले आहेत. हात मोकळे राहतात, पण बाळ नजरेआड जाते. म्हणून पिशवी विकत घेताना किमतीआधी बाळाचे वय पाहावे.

चौकटीची ही पिशवी आधाराविना बसणाऱ्या, मान पूर्ण सावरलेल्या बाळासाठी आहे. ही तयारी साधारण सहा ते आठ महिन्यांनंतर होते. त्याआधी हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो आणि बाळ आवाजही करत नाही. तान्हे बाळ छातीशी, तोंड दिसेल असेच बांधावे.

आधी कमरेचा पट्टा आवळावा, मग खांद्याचे. भार कमरेवर हवा. बाळ कडेवर बसते तसे मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा. पाय लोंबकळू नयेत. खाली पडलेली वस्तू उचलताना कमरेत वाकल्यास बाळ डोक्यावरून घसरू शकते. गुडघ्यातून खाली बसावे.

दौलताबादच्या अंधारीत आपण वाकून निभावतो, बाळाचे डोके मात्र आपल्याही वर असते. तिथे त्याला उतरवून पोटाशी घ्यावे. उन्हात थोड्या थोड्या वेळाने सावलीत थांबून बाळाकडे पाहावे.

ही पिशवी लावून दुचाकीवर बसू नये. चार वर्षांखालील मुलांसाठी दुचाकीवर वेगळा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा नियमानेच ठरलेली आहे. पट्टे बांधायला दोन मिनिटे लागतात. तेवढी घाई कोणत्याच सहलीला नसते.