टाके निघाले, पण जखम भरली का?

पोटाची शस्त्रक्रिया होते, दहा-बारा दिवसांत टाके निघतात आणि व्यापारी घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो दुकानावर बसण्याचा. जळगावचा दाणा बाजार असो वा धुळ्याचा आग्रा रोड, हंगामात गादी रिकामी ठेवणे कोणालाच परवडत नाही. वरून पाहता व्रण मिटलेला दिसतो. आत मात्र पहिल्या आठवड्याअखेर त्या जागी मूळच्या बळाचा जेमतेम 3 टक्के अंश असतो, तीन आठवड्यांनी 20 ते 30 टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्के. पूर्वीचे संपूर्ण बळ पुढे कधीच येत नाही.

जखम उकलते ती बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. जंतुसंसर्ग, अनियंत्रित मधुमेह, स्थूलता आणि तंबाखू ही त्यामागची नेहमीची कारणे. परंतु पोटावर आतून पडणारा ताणही तितकाच घातक ठरतो. मिरचीच्या गोदामातील ठसका, शौचास कुंथणे, 50 किलोची गोणी सरकवणे, तेलाचा डबा उचलणे, हे सारे त्यात आले. सकाळी नोकर आलेला नसतो, ग्राहक दारात उभा असतो आणि शेठ स्वतःच शटर हिसक्याने वर ओढतात! गल्ल्यावर नुसते बसणे एक वेळ चालेल. पण नुसते बसणारा व्यापारी दुर्मिळ असतो.

जखम आपल्याच गतीने भरते, याचे एक गाजलेले उदाहरण महाराष्ट्रातच घडले. येरवड्याच्या कारावासात असलेल्या महात्मा गांधींवर 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. शस्त्रक्रिया यशस्वी ठरली, तरी पुढे त्या जागी पू धरला आणि प्रकृती अपेक्षेप्रमाणे सुधारेना. अखेर 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली. त्यानंतर मार्चपासून मेअखेरपर्यंत ते जुहूच्या किनाऱ्यावर विश्रांतीसाठी राहिले. दिल्लीतील त्यांचा 21 दिवसांचा प्रसिद्ध उपवास सुरू झाला तो सप्टेंबरात, शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांनी.

आपल्या घरांत हा क्रम अनेकदा उलटा होतो. चातुर्मासात शस्त्रक्रिया झालेली श्राविका पर्युषणात अठ्ठाईचा आग्रह धरते. घरचेही कौतुकाने मान डोलावतात. नवी त्वचा आणि स्नायू जोडण्यासाठी शरीराला प्रथिने लागतात. ती आहारातून न मिळाली तर जखम कच्ची राहते. दूध-तूप वर्ज्य करणारे आयंबीलही या काळात जड जाते. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत; समाधी ढळण्याइतकी व्याधी उद्भवल्यास औषध घेण्याची मुभा त्यांतच आहे. याविषयी महाराज साहेबांना शस्त्रक्रियेआधीच विचारावे. चौविहार पाळायचा असल्यास औषधांच्या वेळा दिवसा बसतील का, हेही डॉक्टरांना तेव्हाच सांगावे. परस्पर गोळी चुकवू नये.

कंदमूळ वर्ज्य केल्याने जखमेचे काही अडत नाही. मूग, तूर, पनीर, दूध, उडीद मिसळलेली खानदेशी कळण्याची भाकरी, सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू. हे सूर्यास्तापूर्वी तीन-चार वेळा विभागून घेता येते. मधुमेही रुग्णाने मात्र भेटीस येणाऱ्यांच्या मिठाईला नम्रपणे नकार द्यावा.

पट्टीवर अचानक गुलाबी, पातळ पाणी झिरपू लागले किंवा खोकताना काही तुटल्यासारखे वाटले, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला गुडघे दुमडून उताणे निजवावे. आतडे बाहेर दिसत असल्यास ते आत ढकलू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ कापड त्यावर झाकावे. असे पाणी आपल्या घरांत बहुधा तयारच असते. तोंडाने पाण्याचा घोटही देऊ नये, कारण पुन्हा भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. शिरपूर वा चोपड्याकडील कुटुंबांनी वाहनाची सोय आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक रुग्ण घरी येतानाच लिहून ठेवावा.