राजवाड्यापुढचा कॅमेरा

पत्रकारितेत प्रत्येकाला एक 'बीट' दिलेले असते. कुणाला पोलीस ठाणे, कुणाला महापालिका, कुणाला मंत्रालय. ब्रिटनमध्ये यात आणखी एक बीट आहे, राजघराण्याचे, आणि ते मोठ्या मानाचे समजले जाते. बीबीसीच्या जेनी बाँड या बाईंनी १९८९ ते २००३ अशी १४ वर्षे हे बीट सांभाळले. राजपुत्रांचे संसार मोडले, १९९७ साली डायना गेली, २००२ साली राजमाता गेली. प्रत्येक वेळी बाँडबाई माइक घेऊन पडद्यावर हजर. हे काम सुटल्यावर २००४ साली त्या एका करमणुकीच्या कार्यक्रमात गेल्या. नामवंत माणसे ऑस्ट्रेलियाच्या जंगलात नेऊन ठेवायची, त्यांचे हाल घरबसल्या पाहायचे आणि प्रेक्षकांनी मते द्यायची, असा तो खेळ. बाईंचा त्यात दुसरा क्रमांक आला.

आमचा या बाईंवर राग नाही. त्यांनी नेमून दिलेले काम केले. पण एका माणसाची अख्खी कारकीर्द एका घराण्याची लग्ने, भांडणे आणि मरणे सांगण्यात जाऊ शकते, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आणि जंगल म्हणजे काही दिवसांचा खेळ, ही त्यांची समजूत ज्यांचे जंगल हेच घर आहे त्यांनी तर अधिकच.

कुणी म्हणेल, ते इंग्रजांचे झाले, आपल्याकडे राजे आहेत कुठे? खरे आहे. भारतीय संविधानाच्या कलम १८ ने किताब बंद केले. संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने गेले. अहेरी तर संस्थानही नव्हते. ती चांदा जिल्ह्यातली मोठी जमीनदारी. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि तिथल्या कायद्याने जमीनदारी १९५१ साली संपली. कायद्याने राजा गेला, पण कॅमेऱ्याने तो जाऊ दिला नाही. आजही दसरा आला की अहेरीच्या राजवाड्यातली पालखी दाखवली जाते. पालखी पाहायला दूरच्या गावांतून आलेला आदिवासी मात्र पडद्यावर फक्त गर्दी म्हणून येतो.

२०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. अहेरी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. तेव्हाचे मंत्री धर्मरावबाबा आत्राम, त्यांच्या विरोधात कन्या भाग्यश्री आत्राम आणि पुतणे अंबरीशराव आत्राम. बाप-लेक, काका-पुतण्या! वाहिन्यांना आयती मालिकाच मिळाली. लेकीला प्राणहितेत फेकून द्या, असे बाप सभेत बोलला आणि ते वाक्य राज्यभर वाजले. ते वर्ष होते २०२४, महिना सप्टेंबर. त्याच महिन्यात त्याच अहेरी तालुक्यात तापाने गेलेल्या दोन चिमुकल्या भावांना आईबापांनी खांद्यावर घेतले आणि चिखल तुडवीत गाव गाठले. जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात रुग्णवाहिका नव्हती, असे तेव्हा बातम्यांत आले. मोबाईलवर फिरलेल्या चित्रफितीमुळे महाराष्ट्राला हे कळले, हळहळ झाली आणि विषय संपला. बाप-लेकीची मालिका मात्र निकाल लागेपर्यंत चालली. धर्मरावबाबा निवडून आले. मग त्या रस्त्याचे काय झाले, हे विचारायला कोणता कॅमेरा परत गेला?

राजघराण्याला बीट असते. रस्त्याला, तापाला, उपकेंद्राला बीट नसते. आमचे दुखणे हे आहे.

आणि जो पत्रकार रस्त्याला आपले बीट करतो, त्याची कारकीर्द कशी होते? अहेरीहून फार लांब जायला नको. इंद्रावतीपलीकडे विजापूर जिल्हा आहे. तिथला मुकेश चंद्राकर हा तरुण वाहिन्यांना बातम्या देई आणि स्वतःचे 'बस्तर जंक्शन' चालवी. २०२१ साली माओवाद्यांच्या ताब्यातला जवान सोडवून आणायला जे गेले, त्यांत तो होता. त्याने एका रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी उघडी पाडली. १ जानेवारी २०२५ रोजी तो बेपत्ता झाला आणि दोन दिवसांनी त्याचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. त्या ठेकेदाराला अटक झाली. राजवाड्याच्या बातमीदाराला १४ वर्षे मानाची. रस्त्याच्या बातमीदाराला सेप्टिक टँक. हा हिशेब वाचकांनी स्वतः मांडावा.

आम्ही राजांचे नाव ऐकले की नाक मुरडणारे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या २५०० रुपयांच्या मदतीवर बाबासाहेबांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी उभे राहिले. पण आम्ही शाहूंना मुजरा करतो तो त्यांच्या गादीला नव्हे, त्यांच्या कामाला. हीच फूटपट्टी अहेरीला लावा. १९७७ साली खासदार झालेले राजे विश्वेश्वरराव इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध आदिवासींबरोबर उभे राहिले, ते सांगितलेच पाहिजे. आणि १८५८ साली इंग्रजांशी लढणाऱ्या बाबुराव शेडमाकेंना पकडून देण्यात याच अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात ते फासावर गेले, हेही सांगितले पाहिजे. पालखीचे चित्रण करताना यातले काय सांगितले जाते?

म्हणून वाहिन्यांच्या नावाने बोटे मोडत बसण्यात अर्थ नाही. त्यांना जाहिराती हव्यात आणि राजवाड्याला तोरण शोभून दिसते. काम आपले आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, मुलचेरा इथल्या शिकलेल्या मुला-मुलींच्या हातात आज मोबाईल आहे. त्यांनी दसऱ्याला पालखी जरूर पाहावी. पण दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या दारात उभे राहावे. डॉक्टर आहे का, रुग्णवाहिका आहे का, पावसाळ्यात रस्ता कुठवर जातो, हे तारीख घालून नोंदवावे आणि महिन्याने पुन्हा त्याच दारात जावे. एकदा गेले तर बातमी होते. पुन्हा पुन्हा गेले तर बीट होते. आणि अशा पोरांवर संकट आले तर त्यांच्या मागे उभे राहणे हे चळवळीचे कर्तव्य आहे. मुकेश चंद्राकर एकटा होता. आपले पोर एकटे पडता कामा नये.

राजाची बातमी सांगायला माणसांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती प्रजा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या नागरिकाची बातमी सांगणाऱ्यांची.