भरपाई जाहीर होते; जबाबदारीचे काय?

शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जणांना प्राण गमवावे लागले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाखांची, तर केंद्राने दोन लाखांची मदत जाहीर केली. गुन्हाही दाखल झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. महामार्ग पूर्ण झाला. मात्र त्या रात्रीने उपस्थित केलेला प्रश्न आजही प्रत्येक बांधकामाच्या ठिकाणी कायम आहे.

अशा दुर्घटनांचे खापर अनेकदा यंत्रावर किंवा चालकावर फोडले जाते. वास्तविक क्रेनचा हात जितका लांबवावा, तितकी तिची वजन पेलण्याची क्षमता घटते. तिच्या पायाखालची जमीन भुसभुशीत असेल, तर धडधाकट क्रेनही कलंडते. मागे येणाऱ्या डंपरच्या चालकाला पाठीमागचा मजूर दिसत नाही. तेथे इशारा देणारा माणूस हवाच. ही सारी खबरदारी कामाच्या नियोजनाचा भाग आहे, एकट्या चालकाच्या हातातली नव्हे.

खरी मेख आहे ती कंत्राटांच्या साखळीत. यंत्र एकाचे, चालक दुसऱ्याचा, मजूर मुकादमाने आणलेले आणि काम मूळ कंत्राटदाराच्या नावावर. मग जमीन तपासायची कोणी आणि धोका दिसताच काम थांबवायचे कोणी? रोजंदारीवरील परप्रांतीय मजुराकडून ती अपेक्षा बाळगणे हा क्रूर विनोद ठरेल.

कायद्यांची वानवा नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून, २५० वा अधिक मजूर असलेल्या बांधकामांवर सुरक्षा अधिकारी नेमणे तिने बंधनकारक केले आहे. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्यास होणारी कमाल शिक्षाही जुलै २०२४ पासून दोनवरून पाच वर्षांवर गेली आहे. तथापि, सुरक्षा अधिकाऱ्याचा पगार कंत्राटदारच देत असेल आणि मुदतीचा तगादा डोक्यावर असेल, तर तो काम थांबविण्याचे धाडस करील काय?

म्हणूनच प्रत्येक मोठ्या दुर्घटनेचा चौकशी अहवाल जनतेसमोर ठेवणे आणि काम थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे कंत्राटातच नमूद करणे आवश्यक आहे. मदतीचा धनादेश हे जबाबदारीचे उत्तर असू शकत नाही.