बस कुठे थांबते, बाई कुठे थांबते

मध्यंतरी एका गावात बचत गटाच्या बायकांबरोबर गावाचा नकाशा काढत होतो. अंगणात रांगोळीने रस्ते, विहीर, शाळा, दवाखाना असं एकेक उमटत गेलं. एस.टी.चा थांबा कुठे, असं विचारल्यावर एका मावशींनी फाट्याच्या जागी लिंबाचा डहाळा ठेवला. तिथे ना खांब, ना पाटी, ना शेड. पण त्या लिंबाखाली बाई उभी दिसली की ड्रायव्हर गाडी थांबवतो, हे सगळ्यांना ठाऊक. रात्री मी मोबाइलवर ओपनस्ट्रीटमॅप उघडून पाहिला. महामार्ग होता, पेट्रोल पंप होता, ढाबा होता. मावशींचा थांबा नव्हता.

हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि आज तो जगभरातले स्वयंसेवक मिळून बनवतात. कुणीही खातं उघडावं आणि आपल्या माहितीतली जागा नोंदवावी. बसथांबा त्यात कसा दाखवायचा, यावर नकाशा करणाऱ्यांत बरीच वर्षं वाद आहे. जुनी पद्धत सोपी : रस्त्याच्या कडेला एक टिंब देऊन ‘बस स्टॉप’ लिहायचं. २०११ मध्ये मान्य झालेल्या पद्धतीने दोन जागा वेगळ्या केल्या. गाडी रस्त्यावर उभी राहते ती एक आणि प्रवासी वाट पाहत उभे राहतात ती दुसरी.

हा नुसता तांत्रिक काथ्याकूट आहे, असं वाटेल. मला तसं वाटत नाही. बस थांब्यावर असते अर्धं मिनिट, बाई असते अर्धा-पाऊण तास. कडेवर मूल, हातात पिशव्या, कधी सातवा महिना. म्हणून एकच टिंब द्यायचं असेल तर ते गाडीसाठी नको, माणूस उभं राहतं तिथे द्या. जाण्याचा आणि येण्याचा थांबा वेगवेगळा दाखवा. अंधारात भरधाव रस्ता ओलांडावा लागणार की नाही, हे त्यावरूनच कळतं.

थांब्यापुढे आणखीही रकाने आहेत : शेड आहे का, बसायला बाक आहे का, दिवा आहे का. आमच्या भागातले थांबे मी तपासले, तर बहुतेकांपुढे हे रकाने कोरे. हा नकाशा भरणाऱ्यांत पुरुषांची संख्या फार मोठी आहे, हे पाहण्यांतून पुढे आलेलं आहे. त्यांनी मुद्दाम वगळलं असं मी म्हणणार नाही. ज्याला दिव्याची गरज भासली नाही, त्याला दिवा नोंदवावा असं सुचत नाही, इतकंच.

यावर एक आक्षेप येतो. जमिनीवर दिसतं तेवढंच नकाशात घ्यावं, मग खांबच नसलेला थांबा कसा घेणार? अहो, एस.टी.लाही ‘विनंती थांबा’ मान्य आहे! आठवडाभर फाट्यावर उभं राहा, कंडक्टरला विचारा, पडताळणी होऊन जाईल.

मात्र आपणही एक पथ्य पाळायला हवं. थांब्यापुढे ‘असुरक्षित’ असा शेरा मारू नये. तो शेरा बघता बघता शेजारच्या वस्तीला चिकटतो, आणि घरचे मुलीचं कॉलेज बंद करायला तेच निमित्त करतात. दिवा नाही, एवढंच लिहावं. त्याची जबाबदारी कुणाची ते उघड आहे.

२५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीला ‘तुमची गाडी तिकडे लागली आहे’ असं सांगून एका उभ्या बसमध्ये नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला, अशी तिची फिर्याद आहे. गुन्हा करणाराच गुन्हेगार असतो. नकाशा त्याला अडवणार नाही. पण गाडी कुठे लागते, हे बाईला परक्या माणसाला विचारावं लागू नये, एवढी मागणी तर रास्त आहे ना?

मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळू लागली. सवलत गाडीत चढल्यावर मिळते. चढण्याआधीच्या पाऊण तासाचं काय? नकाशावर नोंद केली म्हणून दिवा लागत नाही, हे मला कळतं. पण तालुक्यातल्या बिनदिव्याच्या थांब्यांची यादी हातात असली की ग्रामसभेत आणि आगारात ‘बायकांच्या नेहमीच्या तक्रारी’ म्हणून आपली बोळवण करता येत नाही.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक तास यासाठी काढूया. एका तरुण मुलीचा मोबाइल आणि मावशींची माहिती एवढं भांडवल पुरे. आमच्या फाट्याची नोंद आम्ही केली. शेड : नाही. बाक : नाही. दिवा : नाही. नाव काय द्यायचं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “लिंबाचा थांबा. दुसरं काय?”